दोन स्त्रिया आणि एक खुर्ची

'बाईच बाईची वैरीण' हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्याला कोणी पुरावा मागावा असे कोणाच्या मनातही येत नाही. सासू-सून, नणंद-भावजय, जावा-जावा, सवती-सवती अशा जोड्या आपल्या जात्यावरच्या ओव्यांपासून थेट आजच्या दूरचित्रवाणी मालिकांपर्यंत अखंड चालत आल्या आहेत. परंतु या सर्व भांडणांकडे थोडे लांबून पाहिले तर एक गंमत ध्यानात येते. भांडण दोन बायकांचे असते खरे. पण ते ज्याच्यासाठी चालते तो मात्र एक पुरुष असतो. कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा, कोणाचा भाऊ. आणि भांडणाची जागा म्हणजे घर. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्या पलीकडे ही वैरे सहसा जात नाहीत.

मग समजा, दोन स्त्रियांचे वैर पुरुषासाठी नसेलच, तर? त्या दोघी एका कचेरीत काम करीत असतील, दोघी बुद्धिमान असतील, आणि भांडण असेल ते पदासाठी, केलेल्या कामाच्या श्रेयासाठी, तर त्या वैराचा रंग कसा असेल? असे चित्रपट जगात फार नाहीत. रंगभूमीच्या व्यवसायातील दोन नट्यांची कथा सांगणारा 'ऑल अबाउट ईव्ह' हा 1950 सालचा अमेरिकन चित्रपट या घराण्याचा मूळपुरुष (की मूळस्त्री?) म्हणावा लागेल. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला या लेखात सांगायचे आहे ते आलँ कोर्नो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांबद्दल, आणि त्यांपैकी एकाच्या अमेरिकन दिग्दर्शकाने केलेल्या दुसऱ्या अवताराबद्दल. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे, चित्रपटाची जाणकार नव्हे. तेव्हा कॅमेरा कोठे ठेवला होता यापेक्षा माणसाचे मन कोठे ठेवले होते, याकडे माझे लक्ष अधिक जाणार हे उघड आहे.

कोर्नो यांचा जन्म 1943 सालचा. तरुणपणी त्यांना जॅझ संगीताचा नाद होता. पुढे ते चित्रपटाकडे वळले आणि पोलिसी कथांचे दिग्दर्शक म्हणून त्यांनी नाव मिळविले. 'पोलीस पायथन 357' (1976), 'ला मनास' (1977), 'सेरी न्वार' (1979) ही त्यांची गाजलेली चित्रे. पण त्यांना एकाच चाकोरीत बसविता येत नाही. सतराव्या शतकातील व्हायोला द गांबा वादकांची कथा सांगणाऱ्या 'तू ले मातँ द्यू माँद' (1991) या चित्रपटाला फ्रान्समधील सेझार पारितोषिके एक नव्हे, सात मिळाली. आणि आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे 1989 साली त्यांनी 'नोक्तुर्न ॲन्दियँ' हा चित्रपट केला. अंतोनियो ताबुक्की या इटालियन लेखकाच्या कादंबरीवरून केलेल्या या चित्रपटात एक युरोपीय माणूस हरवलेल्या मित्राचा शोध घेत मुंबई, मद्रास आणि गोवा असा हिंडतो. त्या शोधाचा शेवट असा होतो की, शोधणारा कोण आणि हरवलेला कोण, हेच कळेनासे होते. ही कल्पना ध्यानात ठेवावी. कारण दोन माणसे एकमेकांत मिसळून जाण्याचा हाच प्रकार पुढे त्यांच्या कचेरीच्या चित्रपटांत भेटतो, मात्र तेथे तो फार क्रूर होऊन येतो.

पहिला चित्रपट 2003 सालचा. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ 'थक्क होऊन, थरथर कापत' असा काहीसा होईल. आमेली नोतोंब या बेल्जियन लेखिकेच्या 1999 सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. जपानच्या सम्राटासमोर जाताना प्रजाजनाने कोणत्या भावनेने जावे, त्याविषयीच्या जुन्या शिष्टाचारावरून हे नाव घेतले आहे. कथेत मात्र सम्राट नाही, कचेरी आहे. लहानपणी जपानमध्ये राहिलेली आमेली मोठेपणी टोकियोतील एका बलाढ्य कंपनीत एका वर्षाच्या करारावर दुभाषी म्हणून दाखल होते. तिच्यावर फुबुकी मोरी ही अधिकारी, तिच्यावर एक साहेब, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, अशी उतरंड आहे. आमेलीच्या खाली कोणीच नाही.

आमेलीला फुबुकी मनापासून आवडते. तिचे रूप, तिचा डौल, तिची शालीनता यांवर ती लुब्ध आहे, आणि फुबुकीही तिच्याशी गोड वागते. मग एक साधी घटना घडते. दुसऱ्या विभागाचा एक भला अधिकारी आमेलीची हुशारी ओळखून तिला एक अहवाल लिहायला देतो. विषय अगदीच रुक्ष, कमी स्निग्धांशाचे लोणी! आमेली जीव तोडून तो उत्कृष्ट लिहिते. आणि कोणीतरी वरच्या साहेबांकडे चुगली करते की, हिने आपली पायरी सोडून काम केले. ती चुगली फुबुकीने केलेली असते.

का? येथे मला लेखिकेच्या आणि दिग्दर्शकाच्या सूक्ष्म दृष्टीचे कौतुक वाटते. फुबुकी दुष्ट नाही. एकोणतीस वर्षांची ही स्त्री अविवाहित आहे, आणि त्या समाजात त्या वयापर्यंत लग्न न होणे म्हणजे काय, हे तिला पदोपदी जाणविले जाते. कित्येक वर्षे खालमानेने राबून तिने आपले पद मिळविले आहे. तीच पायरी ही परकी मुलगी काही आठवड्यांत चढू पाहते. आपण सोसले त्याची किंमत दुसऱ्या कोणाला द्यावीच लागू नये, ही गोष्ट सोसलेल्या माणसाला फार झोंबते. आपल्याकडे सासुरवास सोसलेली सून पुढे सासू झाल्यावर काय करते, ते आठवून पाहावे.

यानंतर आमेलीची घसरण सुरू होते. हिशेबाच्या कामात तिची फजिती होते. पुढे एके दिवशी वरचा साहेब सर्वांदेखत फुबुकीला वाटेल तसे बोलतो. ती अश्रू आवरून स्वच्छतागृहात जाते, आणि आमेली तिचे सांत्वन करायला तिच्या मागोमाग जाते. हेतू चांगला, परिणाम भयंकर! फुबुकीला वाटते, ही माझी मानहानी डोळे भरून पाहायला आली. दुसऱ्याच दिवसापासून आमेलीची नेमणूक स्वच्छतागृहे साफ करण्याच्या कामावर होते, आणि कराराचे उरलेले महिने ती तेच करते. राजीनामा देत नाही. सिल्व्ही तेस्त्यू या अभिनेत्रीने ही भूमिका केली असून तिला त्याबद्दल सेझार पारितोषिक मिळाले. बहुतेक संवाद जपानी भाषेत आहेत. चित्रपट पाहताना हसू येते, आणि थोड्या वेळाने आपण कशाला हसलो असे वाटते.

दुसरा चित्रपट 'क्रीम दामूर', म्हणजे 'प्रेमाचा गुन्हा', हा 2010 सालचा. तो कोर्नो यांचा अखेरचा चित्रपट ठरला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो फ्रान्समध्ये लागला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ते कर्करोगाने वारले. पटकथा त्यांची आणि नाताली कार्तेर यांची. या कथेतले मुख्य रहस्य मला उघड करावेच लागणार आहे. त्यावाचून पुढचे काही सांगता येत नाही. ज्यांना चित्रपट कोरेपणाने पाहावयाचा असेल त्यांनी येथे पान उलटावे.

एका अमेरिकन बहुराष्ट्रीय कंपनीची पॅरिसमधील शाखा. व्यवसाय शेतमालाशी संबंधित. क्रिस्तीन ही शाखेतील बडी अधिकारी आणि इझाबेल ही तिची तरुण साहाय्यक. क्रिस्टीन स्कॉट टॉमस आणि ल्युदिव्हीन सान्ये या दोघींनी या भूमिका केल्या आहेत. चित्रपट सुरू होतो तो कचेरीत नव्हे, क्रिस्तीनच्या घरी. रात्र झाली आहे, दोघी काम करीत आहेत. क्रिस्तीन तिच्या अगदी जवळ येते, तिचे कौतुक करते, स्वतःचा गळपट्टा तिला देऊन टाकते. आई, मैत्रीण, प्रेयसी आणि साहेब या चारही भूमिका ती एकाच वेळी करते आहे, आणि यांपैकी कोणती खरी हे इझाबेलला कळू न देणे, हेच तिचे सामर्थ्य आहे. गळपट्टा लक्षात ठेवावा.

पुढे क्रिस्तीन आपल्या ऐवजी इझाबेलला कैरोला पाठविते. बरोबर फिलिप नावाचा सहकारी असतो. तो क्रिस्तीनचा प्रियकर. कैरोत इझाबेलची योजना यशस्वी होते आणि फिलिपशी तिचे प्रेमसंबंधही जुळतात. परत आल्यावर क्रिस्तीन वरिष्ठांसमोर ती योजना स्वतःची म्हणून सांगते. इझाबेल समोर बसलेली असते. ती काही बोलत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांनी या जागी स्वतःला ठेवून पाहिले असेल. गटाने करावयाचा प्रकल्प एकाने लिहावा आणि व्यासपीठावर दुसऱ्याने वाचावा, हे आपल्या शैक्षणिक जीवनात काही नवीन नाही. क्रिस्तीनचे समर्थनही ओळखीचेच आहे. आपण सगळे एकच ना, मग तुझे काय आणि माझे काय! 'आपण' या शब्दाचा असा उपयोग नेहमी वरचा माणूस खालच्या माणसाशी बोलताना करतो. खालचा करू लागला तर त्याला आगाऊ म्हणतात.

इझाबेलच्या हाताखाली दानियेल नावाचा तरुण आहे. तो तिला चिथावतो, आणि दोघे मिळून क्रिस्तीनला वगळून एक योजना थेट वरिष्ठांपर्यंत पोचवितात. योजना उचलून धरली जाते. क्रिस्तीनची न्यूयॉर्कला होणारी बढती हुकते. मग क्रिस्तीन सूड घेते. फिलिपने पैशाची अफरातफर केलेली तिला ठाऊक आहे. त्या जोरावर ती त्याला इझाबेलपासून तोडते. खचलेली इझाबेल वाहनतळात एकटीच असताना तिचा तोल सुटतो, आणि तेथील पहाऱ्याच्या कॅमेऱ्याने टिपलेली ती दृश्ये क्रिस्तीन कचेरीच्या मेजवानीत सर्वांना करमणूक म्हणून दाखविते. सगळे हसतात. इझाबेलही हसते. सान्येचे ते हसणे मी विसरू शकत नाही.

साधारण मध्यावर इझाबेल क्रिस्तीनचा खून करते. खून प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होतो. कोणी केला, हे गूढ ठेवलेलेच नाही. गूढ पुढे सुरू होते. खून करणारी ही हुशार बाई स्वतःविरुद्धचे पुरावे जागोजाग पेरून ठेवते. गळपट्ट्याचा तुकडा सापडतो. ती झोपेच्या गोळ्यांच्या गुंगीत गुन्हा कबूल करते. तुरुंगात जाते. प्रेक्षक चक्रावतो की, हिला पकडले जायचेच होते काय? मग शुद्धीवर आल्यासारखी ती कबुलीजबाब मागे घेते, आणि पेरलेला एकेक पुरावा कोसळू लागतो. त्या वेळी ती चित्रपट पाहायला गेली होती, याला दुजोरा मिळतो. तिचा गळपट्टा तर तिच्या घरी धड अवस्थेत निघतो. मग फाटलेला कोणाचा? संशयाची सुई फिलिपकडे वळते. त्याच्याजवळ हेतूही आहे. इझाबेल सुटते, एवढेच नव्हे तर निरपराध असून छळ सोसलेली स्त्री म्हणून सन्मानाने सुटते, आणि क्रिस्तीनच्या जागी तिची नेमणूक होते.

ही युक्ती कथेत पटते, याचे एक कारण फ्रान्सच्या न्यायपद्धतीत आहे. तेथे गंभीर गुन्ह्याचा तपास एका तपास-न्यायाधीशाकडे सोपविला जातो, आणि आरोपीविरुद्धचे पुरावे जसे शोधायचे तसेच त्याच्या बाजूचेही शोधायचे, असे त्याच्यावर बंधन असते. म्हणजे इझाबेलला स्वतःचा बचाव स्वतः करावा लागत नाही. तो सरकारी यंत्रणेकडून करवून घेता येतो. एकदा संशय घेऊन तो चुकीचा ठरला की, त्याच माणसावर पुन्हा संशय घ्यायला यंत्रणा कचरते. कोर्नो यांनी स्वतःविरुद्ध पुरावे रचण्याची कल्पना 'ला मनास'मध्येही वापरली होती. तेथे इव्ह मोन्ताँ हा नायक प्रेयसीला सोडविण्यासाठी स्वतःवर संशय ओढवून घेतो. तेहेतीस वर्षांनंतर तीच युक्ती इझाबेल वापरते, पण दुसऱ्या कोणासाठी नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आमच्या वर्गात या चित्रपटाची चर्चा झाली तेव्हा एक वर्गबंधू उठून म्हणाला, "म्हणजे शेवटी काय, बाईच बाईची वैरीण!" सगळे हसले. मुलीही हसल्या. पुढच्या वर्षी यातल्या निम्म्या मुली कोठे ना कोठे नोकरीला लागलेल्या असतील. आपल्या हाताखालच्या मुलीशी किंवा वरच्या बाईंशी आपले जे बिनसेल त्याचे कारण स्वभाव, निसर्ग, बाईपण असे समजून त्या स्वस्थ बसतील, ही गोष्ट मला बरी वाटली नाही. हा लेख लिहावासा वाटला तो त्यामुळे.

मेलानी क्लाइन या मनोविश्लेषकेने 1957 साली हेवा आणि मत्सर यांत एक उपयुक्त भेद केला आहे. हेवा दोघांत असतो. दुसऱ्याजवळ आहे ते मला हवे, निदान त्याच्याजवळ ते राहू नये. मत्सराला तिघे लागतात. माझे माणूस तिसरा कोणी नेईल ही भीती. आपल्या घरगुती कथा मत्सराच्या आहेत. 'क्रीम दामूर' वरवर पाहता मत्सराची कथा वाटते, कारण मध्ये फिलिप आहे. पण फिलिपची किंमत काय? क्रिस्तीन त्याला प्याद्यासारखा सरकविते. इझाबेल त्याच्याकडे ओढली जाते ती तो क्रिस्तीनचा आहे म्हणून. रने झिरार हा फ्रेंच विचारवंत म्हणत असे की, माणसाची इच्छा बहुधा उसनी असते. आदर्श मानलेली व्यक्ती जे इच्छिते तेच आपण इच्छू लागतो, आणि मग तो आदर्शच प्रतिस्पर्धी होतो. इझाबेलला क्रिस्तीनचा माणूस नको आहे, क्रिस्तीनचे पद नको आहे. तिला क्रिस्तीन व्हायचे आहे. शेवटी ती तशी होतेही. ॲना फ्रॉइडने 1936 साली 'आक्रमकाशी तादात्म्य' या नावाने जी संरक्षणयंत्रणा सांगितली, तिचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. ज्याची भीती वाटते, त्याचेच रूप मन धारण करते.

पण हे झाले मनाच्या आतले. तेवढ्यावर थांबलो तर वर्गबंधूचे म्हणणे खोडून निघत नाही. तो म्हणेल, बायकांची मनेच अशी. म्हणून कचेरीकडे पाहायला हवे.

1974 साली अमेरिकेतील 'सायकॉलॉजी टुडे' या मासिकात तीन संशोधकांनी 'राणीमाशी' ही संज्ञा रूढ केली. पुरुषांच्या जगात वर पोचलेली स्त्री इतर स्त्रियांना वर येऊ देत नाही, पोळ्यात एकच राणी असावी तशी वागते, असा त्याचा आशय. संज्ञा आकर्षक असल्यामुळे ती सर्वतोमुखी झाली आणि तिचा अर्थही 'बाईच बाईची वैरीण' एवढाच उरला. तीनच वर्षांनी, 1977 साली, रोझाबेथ मॉस कँटर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका मोठ्या कंपनीचा अभ्यास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या गटात एका प्रकारच्या माणसांचे प्रमाण शेकडा पंधराच्या आत असते, तेथे ती माणसे माणसे राहत नाहीत, नमुना होतात. सर्वांच्या नजरा त्यांच्यावर. त्यांची चूक ही त्यांच्या सबंध जातीची चूक. आणि बहुसंख्याकांत सामावून घेतले जाण्यासाठी त्यांना निष्ठेची परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा म्हणजे आपल्यासारख्यांपासून आपण वेगळे आहोत असे दाखविणे. अशा ठिकाणी पुरुष ठेवले आणि ते संख्येने तसेच थोडे असले तर त्यांच्यावरही असेच दडपण यावे, असा या विवेचनाचा रोख आहे. म्हणजे मूळ प्रश्न आकड्यांचा.

याला बळकटी देणारा एक प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. बेले डेर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील वरिष्ठ महिला पोलीस अधिकाऱ्यांवर तो केला. काही जणींना आपण स्त्री असल्यामुळे डावलले गेल्याचा प्रसंग आठवून लिहायला सांगितले. काही जणींना आपल्या व्यक्तिगत गुणांची कदर झाल्याचा प्रसंग. पहिल्या गटातील ज्या अधिकारी स्त्रियांना नोकरीच्या ठिकाणी स्वतःचे स्त्री असणे फारसे जिव्हाळ्याचे वाटत नव्हते, त्या नंतरच्या प्रश्नांना 'राणीमाशी'सारखी उत्तरे देत होत्या. आपण इतर बायकांसारख्या नाही, असे त्यांच्या उत्तरांतून दिसे. डावलले गेल्याची आठवण नसलेल्यांत हा प्रकार आढळला नाही. म्हणजे पक्षपाताची टोचणी लागली की राणीमाशी जागी होते. पोळे आधी, राणी नंतर.

हे ध्यानात घेऊन पुन्हा चित्रपट पाहावेत. टोकियोच्या कंपनीत फुबुकीच्या वर पुरुषांची उतरंड आहे. सर्वांदेखत तिचा अपमान करणारा साहेब पुरुष आहे, आणि त्याचा सूड ती त्याच्यावर घेऊ शकत नाही. तो सूड खाली उतरतो. पाणी उताराकडेच वाहणार. पॅरिसच्या शाखेत क्रिस्तीनचे भवितव्य ठरविणारे साहेबही पुरुषच आहेत. ते सभ्य आहेत, हसतमुख आहेत. फक्त वर जाण्याची जागा एक आहे, हे त्यांना ठाऊक आहे. कामाचे श्रेय कोणाचे याची चौकशी ते करीत नाहीत, कारण त्यांना काम मिळाले आहे. बायका एकमेकींचा जीव घेतात तेव्हाही कंपनीचे काही बिघडत नाही. खुर्ची रिकामी होते, खुर्ची भरली जाते. कोर्नो यांनी हे कोणाच्या तोंडी भाषण घालून सांगितलेले नाही, ही त्यांची कमाई. काचेच्या भिंती, राखाडी पोशाख, बेताबेताने वाजणारा फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन, एवढ्यावर ते भागवितात.

अमेरिकन दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा यांनी याच कथेवरून 2012 साली 'पॅशन' हा चित्रपट केला. वेनिसच्या महोत्सवात तो दाखविला गेला. रेचल मॅकॲडम्स ही क्रिस्तीन आणि नूमी रापास ही इझाबेल. कचेरी बर्लिनमधील जाहिरातसंस्थेची झाली, शेतमालाच्या जागी मोबाईल फोनची जाहिरात आली, आणि दानियेलची दानी ही तरुणी झाली, म्हणजे दोघींच्या तीन झाल्या. डी पाल्मा हे हिचकॉकचे भक्त. त्यांनी खुनी कोण हेच झाकून ठेवले. खुनाच्या वेळी पडदा उभा दुभंगतो : एका बाजूला देब्युसीच्या संगीतावरील जेरोम रॉबिन्सचा बॅले, दुसऱ्या बाजूला क्रिस्तीनचे घर. इझाबेल बॅले पाहत बसली आहे अशी आपली समजूत होते. त्या बॅलेत नर्तक प्रेक्षकांकडे असे पाहतात की जणू प्रेक्षक म्हणजे तालीमखोलीतला आरसा. हे ठाऊक असले की त्या दृश्याची चव वाढते. दृश्य म्हणून हा भाग अप्रतिम आहे. पण पुढे जुळी बहीण, मुखवटे, स्वप्नात स्वप्न असे सुरू होते आणि कचेरी विरून जाते. माझ्यासारखीला कोर्नोच अधिक जवळचे वाटतात. खुनी कोण हे आधीच सांगून टाकल्यामुळे आपण 'कोणी' हा प्रश्न सोडून 'का' हा प्रश्न विचारीत राहतो. एका गोष्टीसाठी मात्र डी पाल्मांना दाद द्यावी लागते. दानीने इझाबेलचे सर्व कृत्य आपल्या फोनवर टिपून ठेवलेले असते, आणि त्या जोरावर ती आता इझाबेलला वाकविते. क्रिस्तीनने इझाबेलला जे केले, तेच दानी इझाबेलला करते. पायऱ्या त्याच, माणसे एकेक पायरी सरकलेली.

लेखाचा कच्चा खर्डा मी आमच्या विभागातील सरांना दाखविला, तेव्हा त्यांनी एक आक्षेप घेतला. सर म्हणाले, "कचेरी सर्वांना सारखीच असते. अपमान गिळून रोज घरी जाणाऱ्या हजारो बायका आहेत. त्यांतली एकच सुरी का उचलते? तुझ्या आकड्यांत याचे उत्तर आहे का?" आक्षेप रास्त आहे. कँटरबाईंचे शेकडा पंधरा इझाबेलच्या एकटीच्या मनाचा उलगडा करू शकत नाहीत. आमेलीही तशाच, किंबहुना अधिक वाईट कचेरीत होती. पण आमेलीने सुरी उचलली नाही. कराराचा शेवटचा दिवस आला तेव्हा तिने रीतीप्रमाणे एकेका वरिष्ठाकडे जाऊन, मान लववून, आपणच नालायक ठरलो असे सांगत निरोप घेतला, आणि मायदेशी परतल्यावर लिहायला बसली. तिची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा टोकियोहून फुबुकीचे अभिनंदनाचे पत्र आले. जपानी भाषेत लिहिलेले. सरांना मी एवढेच म्हटले की, आमेलीच्या करारावर शेवटची तारीख लिहिलेली होती. इझाबेलच्या नेमणुकीवर तशी तारीख नव्हती. सरांना हे पटले नाही. परीक्षेनंतर दोन्ही चित्रपट पुन्हा एकदा लागोपाठ दाखवावेत, असे चित्रपट मंडळाच्या चिटणिसांशी मी बोलले आहे. सर येणार आहेत. तो वर्गबंधूही येतो म्हणाला आहे.